वाघिणीतले साठ किलो

मित्रांनो, मी वाघीण आहे, पण दचकू नका. मला दात नाहीत, शेपटी नाही आणि आजवर मी कुणावर झेप घेतलेली नाही. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, तशी मी एक जुनी वाघीण. हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही. डरकाळी तर सोडाच, मला साधं बोलताही येत नाही. बोलता आलं असतं, तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

मला एका मोठ्या कारखान्यात बनवलं. लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या भिंती, जाड फळ्यांची जमीन आणि दोन्ही बाजूंना सरकती दारं. सगळं झाल्यावर मला काट्यावर उभं केलं आणि माझं रिकामं वजन पांढऱ्या रंगाने अंगावर लिहिलं. वाघिणीला हा आकडा फार महत्त्वाचा. त्याच्यावर जे भरेल तो माल.

आयुष्यभर मी एकाच लहानशा मार्गावर धावले. एका टोकाला कागदाची गिरणी, दुसऱ्या टोकाला बंदर, मध्ये चौतीस किलोमीटर. आम्ही सात वाघिणी आणि पुढे एक लहान इंजिन. जाताना कागदाची रिळे न्यायची, येताना जहाजातून आलेल्या लगद्याचे कोरडे गठ्ठे आणायचे. आमचा ड्रायव्हर इतका निवांत होता, की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात आणि वर हात हलवत. कागदाला पाण्याची भीती असते, म्हणून माझी दारं घट्ट बसवलेली होती. एका पावसाळ्यात सहा वाघिणींमधला कागद भिजला, माझ्यातला एकही ताव ओला झाला नाही. बंदरावरचा कारकून म्हणाला, ही वाघीण नाही, पेटी आहे. मला त्याचा फार अभिमान वाटला. आतला आवाजही बाहेर जात नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गिरणीत दोन भाऊ माल भरायचे. सगळे त्यांना थोरला आणि धाकटाच म्हणत. थोरला रीळ ढकलत आत आणायचा आणि आडवं बसवायचा. धाकटा लाकडी हातोडा घेऊन त्याच्या पोटाखाली पाचरी ठोकायचा, म्हणजे गाडी हलली तरी रीळ घरंगळू नये. एकेक रीळ अर्ध्या टनाचं. शेवटची पाचर ठोकायला धाकटा दोन रिळांच्या मधल्या फटीत उतरायचा. तो चणीने बारीक होता, त्यालाच ते जमायचं. मग थोरला दाराशी येऊन हाक मारायचा, "धाकट्या, बाहेर?" बाहेरून "बाहेर!" असं उत्तर आलं, की दार सरकवून कडी घालायची. हा गिरणीचा नियमच होता.

धाकट्याला समुद्राचं वेड होतं. बंदरावरून परतलेल्या गार्डला तो कोणतं जहाज लागलंय, किती उंच आहे, असं खोदून खोदून विचारायचा. एक दिवस त्याने घरी सांगितलं, की मी जहाजावर नोकरी धरणार. थोरल्याला ते पटलं नाही. आईला कोण बघणार, यावरून दोघांची जोरात जुंपली आणि थोरल्याने अबोला धरला. चार दिवस दोघे एकाच ताटलीतून जेवल्यासारखे शेजारी बसायचे, एकाच वाघिणीत राबायचे, पण बोलायचे नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. समोरची वाघीण दिसेना. गार्ड घाई करत होता. धाकटा फटीत उतरला होता. थोरला दाराशी आला. मी त्याला अगदी जवळून पाहत होते. त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर अबोला त्याचा मोडला असता. तो क्षणभर थांबला, धाकटा उतरून गेला असेल असं धरून चालला आणि त्याने दार लावलं.

गाडीने धक्का घेतला. शेवटची पाचर अजून ठोकायची होती. एक रीळ सुटलं आणि धाकटा पायापासून कमरेपर्यंत अडकला. हातोडा त्याच्या हातात होता. तो माझ्या भिंतीवर ठोकू लागला. मित्रांनो, ते ठोके मी मोजले नाहीत, पण एकही विसरले नाही. मी चाकं खडखडवली, कड्या वाजवल्या. सगळ्याच वाघिणी तशाच वाजतात, कुणाला काय कळणार? मिठागरांपाशी वळण आहे. तिथपर्यंत ठोके येत होते. वळणानंतर आले नाहीत.

चौकशी झाली. थोरल्याने सांगितलं, की मी हाक मारली होती, तो "बाहेर" म्हणाला, पुन्हा आत का गेला ते कळत नाही. गिरणीच्या साहेबांनी कागदावर लिहिलं, मृत कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा. आईला ते वाचून दाखवलं.

मला धुतलं, फळ्या बदलल्या आणि आठव्या दिवशी पुन्हा कामाला लावलं. रिळे भरण्याआधी रिकामी वाघीण गिरणीच्या फाटकाजवळच्या काट्यावर तोलायची पद्धत होती. काट्यावर एक बाई होत्या, सगळे त्यांना काटेबाई म्हणत. बाई फार काटेकोर. दांडीवर पाचपाच किलोच्या खुणा होत्या आणि त्यातली एक खूण इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. त्यांनी मला तोललं आणि कपाळाला आठ्या घातल्या. अंगावर लिहिलेल्या वजनापेक्षा मी साठ किलोंनी जास्त भरले.

त्यांनी मला झाडून घेतलं. छतावर माणूस चढवला. प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला, काटा बरोबर होता. माझी चाकं बदलली, त्याचा फरक धरूनही साठ उरले. शेवटी कुणीतरी म्हणालं, वाघीण जुनी झाली, अंगावरचा आकडाच बदलून टाका. काटेबाईंनी ब्रश हातात घेऊ दिला नाही. त्या म्हणाल्या, "वाघिणीचं वजन वाढलेलं नाही. वाघिणीत काहीतरी आहे."

मला ते ठाऊक होतं. बंदराच्या अंगाच्या कोपऱ्यात ते वजन असायचं. गाडी हलली, की उभा माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, तसं ते हलायचं. मिठागरांच्या वळणावर मात्र अगदी स्थिर राहायचं. आणखी एक गोष्ट होती. भरणारे शेवटची पाचर नुसती टेकवून ठेवायचे, कारण त्या फटीत उतरायला कुणी धजत नव्हतं. बंदरावर सील तोडून दार उघडलं, की ती पाचर घट्ट ठोकलेली सापडायची, लाकडावर हातोड्याचे ताजे वळ. बंदरावरची माणसं गिरणीच्या माणसांची तारीफ करायची, काय छान पाचर मारता म्हणून. गिरणीची माणसं मान खाली घालायची. थोरला तर माझ्याजवळ फिरकतच नसे. सहा वाघिणी भरायचा आणि माझ्यापाशी आला, की पाणी प्यायला निघून जायचा.

गोष्ट झाकून राहणार कशी? एका दुपारी भर उन्हात आई काट्यावर आली. थोरला तिला अडवत मागोमाग आला. मी काट्यावरच उभी होते. आईने काटेबाईंना विचारलं, किती भरतं?

काटेबाईंनी दांडीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "साठ किलो, मावशी. रोज तेवढंच."

आईने मान हलवली. गावाला गेलेल्या मुलाची खुशाली कळावी, तशी. "मग उतरला नाही," ती म्हणाली. "खातोय वाटतं नीट."

ते ऐकून थोरला मटकन खाली बसला. तिथेच, रुळांजवळच्या खडीवर बसून त्याने सगळं सांगितलं. हाक मारली नव्हती हे सांगितलं, का मारली नव्हती हेही सांगितलं. काटेबाईंच्या हातातली लेखणी तशीच राहिली. आईने सगळं ऐकून घेतलं. तिने त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "ज्याच्याशी बोलत नव्हतास, त्याला सांग."

थोरला माझ्यात चढला. कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "धाकट्या, चुकलो." कोपऱ्यातलं वजन हललं. मग ते फळ्यांवरून सावकाश सरकत आलं आणि त्याच्या अगदी शेजारी येऊन थांबलं. थोरला वळून पाहायला धजला नाही. पण तो पळालाही नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. कागदावरचा शेरा बदलला, हलगर्जीपणा त्याच्या नावावर लागला. दोन वर्षं त्याला लगदा घोटण्याच्या खात्यात घातलं. तिथून परत आल्यावर त्याने एकच मागणी केली, की ही वाघीण मीच भरणार. दार लावण्याआधी तो हाक मारायचा, थांबायचा आणि मगच कडी घालायचा. काटेबाईंनी एकदा विचारलं, रोज कशाची वाट बघतोस? तो म्हणाला, नियम आहे.

माझे साठ किलो काही कमी झाले नाहीत. दर महिन्याला आई काट्यावर यायची. "कसा आहे?" विचारायची, "साठ," उत्तर मिळायचं आणि ती घरी जायची. असं सात वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात ती आजारी पडली आणि गेली.

थोरला आठवड्याने कामावर आला. त्या सकाळी काटेबाईंनी मला तोललं आणि पुन्हा तोललं. तिसऱ्यांदा त्यांनी थोरल्याला बोलावून दांडी दाखवली. साठ नव्हे, एकशे पाच किलो जास्त होते. आता माझ्यात दोघं होती. दुसरं वजन हलकं होतं आणि दाराजवळ बसलं होतं, पहिल्यांदा गाडीत बसलेलं माणूस बसतं तसं. वाऱ्याचं चिन्ह नव्हतं, तरी माझ्या दाराची साखळी हळू हळू वाजत होती. काटेबाई दोन पावलं मागे सरल्या.

थोरल्याने तो आकडा वाचला. "बरं झालं," तो म्हणाला. "आईने समुद्र पाहिला नव्हता."

त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांना रोज बंदरावर नेलं आणि परत आणलं. पुढे रस्त्याने ट्रक जाऊ लागले, आमचं इंजिन बंद पडलं, सहा वाघिणी भंगारात गेल्या. मला कुणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून मी बंदराच्या मागच्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या बिनवापराच्या रुळांवर, उभी राहिले. पत्रा गंजला, रंग उडाला, चाकांमध्ये गवत उगवलं. इथून जहाजांचे भोंगे ऐकू येतात. थोरला निवृत्त झाला तेव्हा साहेबांनी त्याला विचारलं, काय देऊ? त्याने या वाघिणीची दोन्ही दारं काढायची परवानगी मागितली. एका सकाळी पाना आणि पहार घेऊन तो आला. संध्याकाळपर्यंत दोन्ही दारं गवतात पडली होती. "उतरावंसं वाटलं तर उतरा," एवढं म्हणून तो गेला.

आता मला कुणी तोलत नाही. पण बंदराच्या अंगाच्या माझ्या स्प्रिंगा अजूनही दुसऱ्या बाजूपेक्षा दोन बोटं खाली आहेत. अधूनमधून, जहाज सुटताना, त्या वर येतात. भोंगा विरला, की पुन्हा खाली जातात.

मित्रांनो, तुम्ही लपंडाव खेळताना माझ्यात चढता, ते मला आवडतं. फक्त तो एक कोपरा मोकळा सोडा. आणि दार कुठलंही असो, वाघिणीचं, खोलीचं, गोदामाचं. ते लावण्याआधी आतल्या माणसाला हाक मारा. उत्तर येईपर्यंत थांबा. भांडण झालेलं असलं, तरी मारा. अबोला काय, नंतरही धरता येतो.