डावीकडचा घास

पाहुणे जाऊन अर्धा तास झाला होता. पोह्यांच्या बशा सतरंजीवर तशाच पडल्या होत्या. समीक्षा खिडकीशी उभी राहून खांद्यावरची पिन काढत होती. तिचा धाकटा भाऊ रजत उंबऱ्यावर बसून मोबाइलची काच अंगठ्याने उगीच पुसत होता. आणि त्यांची आई शकुबाई भाकरी थापत होती. तेवढाच काय तो आवाज.

मुकुटबनहून समीक्षाला पाहायला आलेली माणसं वाईट नव्हती. मुलाच्या मामाने अदबीनेच विचारलं होतं, पोरीच्या डाव्या डोळ्याला काय झालं म्हणून. शकुबाईने पदर सावरला, तोवर रजत हसत बोलूनही गेला, "लहानपणी लय वेंधळी होती आमची ताई. धावता धावता कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगावर पडली. बाकी कामाले वाघीण हाये." पाहुणे हसले होते. समीक्षाही हसली होती.

"दोन दिवस धंद्याची गाडी उभी ठेवून पाहुणे आणले म्या," रजत अखेर म्हणाला. "अन् हे तोंड फुगवून उभी. असं काय वाईट बोललो?"

"वेंधळी म्हणालास," समीक्षा म्हणाली.

"मंग काय म्हणू? जे झालं तेच सांगतलं."

समीक्षाने मान वळवून आईकडे पाहिलं. शकुबाईने तव्यावरची भाकरी उलटवली. ती अजून उलटण्याजोगी झाली नव्हती.

अठरा वर्षांपूर्वी रजत पाच वर्षांचा होता, समीक्षा नऊची. अंगणात त्याने बांबूच्या कामटीची धनुकली केली होती आणि तुराटीच्या काडीचा बाण. ताईने वाकून "मार, पाहू" म्हटलं आणि त्याने मारला. मुलांच्या बापाचा, किसनरावांचा हात एकदा उठला की थांबत नसे, हे शकुबाईला स्वतःच्या पाठीवरून ठाऊक होतं. त्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज वाटेवर आला तेव्हा तिने रक्ताने भरलेला तो चिमुकला चेहरा पदराने पुसला आणि सांगितलं, "पऱ्हाटीवर पडली म्हण. तू मोठी हायेस ना बाई." खोटं लहान दिसावं म्हणून जखमही लहान ठरवावी लागली. डोळ्यावर तूप लावून दोन दिवस मुलीला घरातच निजवलं. तिसऱ्या दिवशी यवतमाळला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठे होता?"

रजत झोपेत रडत उठे. "तू काही केलं नाही रे, ताई पडली," असं शकुबाई त्याला थोपटत सांगत राही. सांगता सांगता त्याचं रडणं थांबलं. त्याला ते खरंच वाटू लागलं. सहा वर्षांपूर्वी किसनराव गेले. खोट्याचं कारण त्यांच्याबरोबर सरणावर गेलं, खोटं मात्र घरात राहिलं, घरच्याच माणसासारखं.

शाळेत खिचडी शिजवायला लागून शकुबाईला पंधरा वर्षं झाली होती. भांडणारी भावंडं गुरुजी तिच्याकडेच धाडत. तिचा उपाय ठरलेला होता. दोघांना एकच ताट. पहिला घास दुसऱ्याच्या तोंडात. ताट रिकामं होईस्तोवर उठायचं नाही. गाव म्हणे, शकुबाईच्या ताटावरून कोणी रुसून उठत नाही.

तिने आजही तेच केलं. मोठं पितळी ताट काढलं, त्यात भाकरी, वांग्याची भाजी, तेलात भिजवलेला ठेचा.

"बसा दोघं. मले काही ऐकायचं नाही."

"माय, मी तेवीस वर्षांचा झालो वं," रजत म्हणाला; पण हसला, आणि बसला. समीक्षाही बसली. त्याने घास मोडला, भाजीत बुडवला आणि लहानपणीसारखा तिच्या तोंडाजवळ नेला. समीक्षा समोरच्या भिंतीकडे पाहत होती. घास हवेत राहिला. थेंबभर रस्सा तिच्या नव्या साडीवर पडला.

"पाह्य, घास बी घेत नाही," त्याचा हात खाली आला. "इतका राग?"

शकुबाईला तेव्हा दिसलं. तिने त्याला समीक्षाच्या डावीकडे बसवलं होतं.

"दिसला नाही मले," समीक्षा म्हणाली. साडीवरचा डाग तिने बोटाने टिपला. "काहून दिसला नाही, ते मायले विचार."

"मायले काय विचारायचं त्यात?" रजतने विचारलंच, आता न हसता. "माय, हे कशानं झालं?"

चुलीतलं लाकूड आपोआप सरकलं. खरं सांगणारी सगळी वाक्यं शकुबाईच्या ओठांवर होती, अठरा वर्षं न वापरता ठेवलेली. तिने मुलाकडे पाहिलं. त्याच्या बोटांवर रस्सा होता आणि चेहऱ्यावर पाच वर्षांच्या पोराची भीती. एकीचा डोळा गेला. दुसऱ्याची झोप आपल्या हाताने कशी घालवावी?

"पऱ्हाटीवर पडली होती," ती म्हणाली. "किती डाव सांगू?"

समीक्षाने ताटातली उरलेली भाकरी भावाच्या बाजूला सरकवली, हात धुतला, खुंटीवरची पिशवी घेतली. ती उमरखेडला शिवणवर्ग चालवायची; त्याच्या चाव्या त्या पिशवीत वाजल्या.

"ताई, आता कुठं निघाली? जेव ना. थांब, मी गाडीनं सोडतो." रजत खरकट्या हाताने दारापर्यंत गेला. "ताई, माह्यं काय चुकलं ते तरी सांग."

ती चालत राहिली. सडकेपाशी थांबली आणि तिने मान डावीकडे पूर्ण वळवली, इतकी की क्षणभर तिचा चेहरा घराकडे आला. दारात उभ्या शकुबाईचा पिठाचा हात वर गेला.

पण समीक्षा डावीकडून गाडी येते का पाहत होती. एक ट्रॅक्टर गेला. तिने मान सरळ केली आणि सडक ओलांडली.