दोनमिनिटे आणि वकील

बाजारात त्यांना सगळे दोनमिनिटे म्हणत. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनाव वाटायचं आणि ती अदबीनं "दोनमिनिटे आहेत का?" असं विचारायची. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला तेव्हा ते पुन्हा रंगवून घ्यावं असं त्यांनाही वाटलं नाही. धंदा किल्ल्यांचा आणि कुलपांचा. फोनवर कुणीही "किती वेळ लागेल?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, दोन मिनिटं. यायला दोन मिनिटं, उघडायला दोन मिनिटं. दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाला द्यायचं हे औषध होतं आणि त्याचा घड्याळाशी काहीएक संबंध नव्हता. हे गिऱ्हाइकांना पहिल्या खेपेला कळायचं. दोनमिनिट्यांना एकतीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण दाराबाहेर ते स्वतः कधी ताटकळलेच नव्हते.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे त्यांनी आजवर काहीही तोडलं नव्हतं. कुलूप नाही, कडी नाही, काच नाही. हत्यारांच्या पिशवीत ते हातोडी ठेवत नसत. "हातोडी ज्याच्या पिशवीत, त्याच्या बोटांत काही नाही," असं ते म्हणत. समोरच्या गल्लीतला दुसरा किल्लीवाला हातोडी बाळगून होता आणि त्याचा धंदा उत्तम चालला होता, पण तो विषय त्यांच्यापुढे कुणी काढत नसे.

वकील हा त्यांच्या बायकोचा कुत्रा. नऊ वर्षांचा, तपकिरी, दाट केसांचा. पाइपलाइनच्या चरात सापडलेलं पिल्लू तिनं पदराखाली घालून घरी आणलं होतं. प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायची, हा त्याचा स्वभाव. दाराची घंटा वाजली, हरकत. कुकरची शिट्टी झाली, हरकत. दोनमिनिटे सोफ्यावर आडवे झाले, तर उभं राहून, सविस्तर हरकत. म्हणून वकील.

त्या दिवशी बायको तिच्या बहिणीकडे निघाली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. उन्हाळा ऐन भरात होता. जाताना तिनं बजावलं, "ह्याला दुकानात न्या. पंख्याखाली बसेल, पाण्याचं भांडं ठेवा. आणि गाडीत एकटा ठेवायचा नाही."

"बरं."

"सावलीत लावली तरी नाही. काच खाली केली तरी नाही."

"अगं, कळलं."

"तुमची दोन मिनिटं असली तरी नाही."

एवढं बोलायची काय गरज होती, असं दोनमिनिट्यांना वाटलं आणि पुढचा तासभर ते मनातल्या मनात फुगून बसले.

साडेबाराला फोन आला. एक निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, चौथ्या मजल्यावर आपल्याच घराबाहेर उभ्या होत्या. दाराला भलंमोठं जुनं कुलूप लावताना किल्ली हातातून निसटली, ती लिफ्टच्या फटीतून थेट खाली. "किती वेळ लागेल?" "दोन मिनिटं," दोनमिनिटे म्हणाले, आणि वकिलाला गाडीत घातलं. दुकानात एकटा ठेवला तर तो भुंकून शेजारच्या शिंप्याला वेड लावेल, आणि चार मजले वर नेला तर आणखी चार घरांची दारं उघडतील. विचार करून केलेली गोष्ट होती ती. इमारतीखाली एका झाडाची सावली होती. तिथं गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं, एसी लावला, थंडी जाऊ नये म्हणून काचा नीट बंद केल्या, किल्ली तशीच ठेवली. बायकोनं सांगितलं त्याच्या चार पावलं पुढं जाऊन आपण काळजी घेतली, असं त्यांना वाटलं.

"दोन मिनिटांत आलो," ते वकिलाला म्हणाले. वकिलानं जोरदार हरकत घेतली. ती फेटाळण्यात आली.

वर सिस्टर जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. कुलूप पाहून दोनमिनिट्यांचे डोळेच चमकले. पितळी, हाताच्या पंजाएवढं, आत सात पट्ट्या, साती उचलून धरल्या तरच उघडणारं. असं कुलूप आता बघायला मिळत नाही.

"तोडून टाका," सिस्टर म्हणाल्या.

"तोडायचं? सिस्टर, अहो, हा दागिना आहे."

"मला दागिना नकोय, मला घरात जायचंय."

"दोन मिनिटं."

पहिली पट्टी सहज उचलली गेली. दुसरी, तिसरी. चौथी रुसली. ते तिला गोंजारत बसले. मध्येच तिसरी खाली आली आणि पुन्हा सुरुवातीपासून. सिस्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहायचं सोडून दिलं. खाली वकिलाच्या हरकती ऐकू येत होत्या, त्या दोनमिनिट्यांनी कानाआड केल्या. काही वेळानं त्या ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा बरं वाटलं. झोपला असेल.

कुलूप उघडलं तेव्हा त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. पाऊण तास झाला होता. "थोडं तेल सोडून देतो, गाडीत आहे," असं म्हणून ते कुलूप हातात घेऊन जिना उतरले. आता तेलालाही पाऊण तास लागतो की काय, या धास्तीनं सिस्टरही मागोमाग आल्या.

सावली झाडाखाली नव्हती. ती सरकत सरकत पलीकडच्या भिंतीवर गेली होती आणि गाडी भर उन्हात उभी होती. इंजिनाचा आवाज नव्हता. उन्हात एसी चालू असला की ही गाडी कधीमधी बंद पडते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सिग्नलला दोनदा पडली होती. फक्त आज दुपारी त्यांना ते आठवलं नव्हतं.

वकील मागच्या सीटवर आडवा होता. जीभ बाहेर, तोंडाशी फेस, पोट भराभर वरखाली. त्यांनी दार ओढलं. बंद. चारही दारं बंद. खिडकीतून बघायला म्हणून वकील पंजे टेकतो, तिथंच चारही दारं एकदम लावणारं लॉकचं बटण होतं.

"वकील!" त्यांनी काचेवर थाप मारली. एरवी काचेवर माशी बसली तरी त्याला चालत नसे. आज त्यानं नुसते डोळे फिरवले. त्यानं हरकत घेतली नाही, हे पाहिलं मात्र आणि दोनमिनिटे चारही दारं पुन्हा एकेक करून ओढू लागले.

"उघडा की," सिस्टर म्हणाल्या. "तुमचाच धंदा आहे."

इथं एक अडचण होती. सहा वर्षांपूर्वी हीच गाडी त्यांच्याच दुकानासमोरून चोरीला गेली होती. सापडली, पण किल्लीवाल्याची गाडी चोरानं काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी घालून उघडली म्हणून बाजार वर्षभर हसला. तेव्हापासून त्यांनी चारही दारांत आतून पत्रा मारून घेतला होता. पट्टी जात नाही, तार जात नाही. जगातला कुठलाही किल्लीवाला ही गाडी उघडू शकणार नाही, असं ते अभिमानानं सांगत. ते खरं होतं.

"दुसरी किल्ली?"

"बायकोच्या पर्समध्ये. ती तिच्या बहिणीकडे. यायला तास लागेल."

"तास नाहीये त्याच्याकडे. काच फोडा."

दोनमिनिटे खाली वाकून दाराच्या रबराशी नखानं चाचपू लागले. "नको, फोडायला नको. मी करतो. दोन मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मी वर पाहिली," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला आवाज चढवावा लागत नाही.

दोनमिनिट्यांनी आत पाहिलं. पोट वरखाली होणं आता मंदावलं होतं. ते उभे राहिले. काचेच्या मध्यावर मारून उपयोग नसतो, कोपऱ्यात मारायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. एकतीस वर्षं हे ज्ञान पडून होतं. पुढच्या दाराच्या काचेचा, वकिलापासून लांबचा कोपरा त्यांनी धरला आणि हातातलं पितळी कुलूप त्यावर हाणलं. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला काच जाळी धरून खाली कोसळली, आणि आतून जी वाफ तोंडावर आली तिनं ते एक पाऊल मागं सरले. त्या वाफेत वकील होता. बाकी सगळं नंतर विसरले, पण हे नाही.

वकिलाला जिन्याखालच्या गारव्यात फरशीवर ठेवलं. दोनमिनिटे बर्फासाठी धावणार, तेवढ्यात सिस्टरांनी दंड धरला. "बर्फ नको. साधं पाणी. पोटावर, काखेत, पंजांवर. तोंडात ओतू नका, ठसका लागेल." त्यांनी बादली भरली, वहीचा पुठ्ठा घेतला आणि वारा घालत बसल्या. दोनमिनिटे ओंजळीनं पाणी सोडत राहिले. "माफ कर रे," ते म्हणत होते, "माफ कर, माफ कर." मग तसंच ओलं बोचकं मांडीवर घेऊन, काचांच्या चुऱ्यावर बसून, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. गाडी तिसऱ्या प्रयत्नात चालू झाली. गाडी सिस्टरांनी चालवली, कारण दोनमिनिट्यांना समोरचं दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, ताप मोजला, अंगावर पंखा सोडला आणि विचारलं, "किती वेळ होता आत?"

"दोन..." दोनमिनिटे म्हणाले आणि थांबले. "पाऊण तास."

"आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती, तर इथं आणायचं कारणच उरलं नसतं."

बायकोला फोन त्यांनी स्वतः केला. काही लपवलं नाही. एसी, बटण, कुलूप, सगळं. "जिवंत आहे ना?" एवढंच तिनं शेवटी विचारलं, आणि फोन ठेवला.

वकील दुसऱ्या दिवशी घरी आला. बायकोनं अबोला धरला नाही, भांडी आपटली नाहीत, माहेरचं नाव काढलं नाही. वेळेवर ताट वाढलं. त्या चार दिवसांत दोनमिनिट्यांचं वजन उतरलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर दोन घास जास्त गेले असते.

पाचव्या दिवशी काचवाल्यानं नवी काच बसवून दिली. दुपारी एकला बायको किल्ली घेऊन खाली उतरली, मागून वकील. गाडी उन्हात होती. तिनं मागचं दार उघडलं.

"बसा."

"कुठं जायचंय?"

"कुठं नाही. दोन मिनिटं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं आत बसले. दार लागलं. चारही बटणं खटकन खाली गेली. वकील ज्या सीटवर होता तीच सीट. ती कपड्यांतून पोळत होती. पट्ट्याच्या बक्कलला हात लागला तो चटकन मागं घेतला. श्वास घेतला तर गरम, सोडला तर तोही गरम. घाम डोळ्यांत उतरला. पहिलं मिनिट झालं असेल, त्यांना वाटलं. दुसरंही झालं असावं. बायको बाहेर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभी होती, डॉक्टर नाडी बघतात तशी. आतून दार उघडता आलं असतं. बटण हाताशीच होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले. त्याला कुठं उघडता आलं होतं?

वकील सावलीत पाण्याच्या भांड्यापाशी बसला होता. त्यानं मान वर केली, काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि उठला. सावली सोडून उन्हात आला. दारावर पंजे टेकले, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच तोंड उघडलं. भुंकला. नखांनी काचेवर ओरखडे काढू लागला. बायकोनं "गप" म्हटलं. त्यानं तिच्यावरही हरकत घेतली, पुन्हा दाराकडे वळला आणि आख्खी गल्ली खिडकीत येईस्तोवर भुंकत राहिला.

दार उघडलं. दोनमिनिटे बाहेर पडले ते फुटपाथवर बसलेच. वकिलाला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. वकील त्यांच्या कानातला घाम चाटत होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "झाली दोन मिनिटं?"

"एक मिनिट दहा सेकंद," बायको म्हणाली. तिनं भांडं उचलून त्यांच्यासमोर धरलं, मग ते वकिलाचं आहे हे लक्षात येऊनही तसंच धरून ठेवलं. "पन्नास सेकंद बाकी आहेत. ह्यानं बसू दिलं नाही."