केरबा ब्रास बँड, भाग चौथा

मुदखेडला माझ्या लग्नात वाजलेला बँड मी सोडून सगळ्या गावानं ऐकला. नवरीचं असंच असतं. नवरदेवाचा परण्या, म्हणजे मिरवणूक, घोड्यावरून मारुतीच्या पाराकडे निघतो, बँड त्याच्यापुढं. नवरी मागच्या खोलीत डोक्यात पिना खोचून घेत बसलेली, आणि पिना खोचणाऱ्या मामीचं तोंड बँडपेक्षा मोठं.

त्यामुळं तो बँड कसा होता, हे अडतीस वर्षं मला एकाच माणसाकडून कळत आलं. आमचे हे, शेषेराव. लातूरच्या शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. त्यांच्या मते असा भिकार बँड सगळ्या मराठवाड्यात नव्हता. सिनेमाचं एक गाणं येईना, आपल्याच चाली वाजवायचे. म्हणून हे पाराशी घोड्यावरून उतरले आणि रुसून बसले. "बँड बदला, तरच मांडवात येतो." माझे वडील अमृतराव, आमचे दादा, पोस्टात होते, साधा माणूस. ते टोपी हातात घेऊन जावयापुढं उभे राहिले. अर्ध्या तासानं हे उठले. का उठले, ते कधी बोलले नाहीत.

बोलायचे ते दिवाळीला, जेवायला बसल्यावर. "मामा, तुमच्या केरबाच्या बँडनं घोडं झोपवलं होतं बरं का." दादा हसायचे. दर दिवाळीला तेवढंच हसायचे, ना कमी ना जास्त. नऊ वर्षांपूर्वी दादा गेले, तरी यांचं वाक्य काही गेलं नाही.

मागच्या वर्षी मी नांदेडला भावाकडे गेले होते. मिक्सर नीट करायला ईश्वरप्पांच्या दुकानात बसले, तर ते एका जुन्या टेपरेकॉर्डरचं पोट उघडून त्यात कॅसेट घालून बघत होते. क्लॅरनेट सुरू झालं. बायकांनी हसत हसत भांडावं तसं वाजत होतं. मी मिक्सर विसरले.

"कुणाचं हो हे?"

"केरबा ब्रास बँड, मुदखेड. भाग पहिला," ईश्वरप्पा म्हणाले. "शहाऐंशी-सत्त्याऐंशीत चार काढले होते त्यांनी. खपले नाहीत. लोकांना सिनेमा पाहिजे ना ताई, हे आपलंच वाजवायचे."

मिक्सर तिथंच राहिला. कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन मी लातूरला परतले. मनात एवढंच होतं, की दादांनी बँड वाईट आणला नव्हता, हे या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं. दादा नसले म्हणून काय झालं.

भाग दुसरा बिलोलीच्या मावशीकडे शिलाई मशीनच्या खणात निघाला. भाग तिसरा लातुरातच एका हॉटेलवाल्याकडे होता. त्याच्यावर कधीतरी चहा सांडलेला, त्यामुळं ढोल अधूनमधून पाण्यातून वाजल्यासारखा येतो. सून सृष्टी म्हणाली, "आई, लोक या वयात तीर्थयात्रा करतात, तुम्ही कॅसेटी गोळा करून राहिल्या."

कॅसेट लावली की हे उठून बेसिनपाशी जायचे, गालाला फेस लावायचे आणि बँड ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं शीळ घालायचे. यांची शीळ लग्नापासून एकच आहे. तीन वळणं आणि शेवटी घसरगुंडी. मी तिला आजवर त्यांच्या शाळेची प्रार्थना समजत होते.

"कसा वाटला बँड?" मी विचारायची.

"घोडं झोपेल," हे म्हणायचे.

चौथा भाग कुठंच मिळेना. शेवटी तिसऱ्याच्या वेष्टनावर बारीक अक्षरात सापडलं, 'क्लॅरनेट : ग्यानोबा, रेणापूर'. टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि एसटीनं रेणापूर गाठलं. विचारत विचारत घर सापडलं. ऐंशीच्या घरातला माणूस ओसरीवर शेंगा फोडत बसला होता.

"चौथा हाय माज्याकडं," ग्यानोबा म्हणाले. "पर वाजवायला मशीन न्हाई. बारा-तेरा वर्सं झाली, ऐकला न्हाई."

मी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या, हात धोतराला पुसले आणि आतून कॅसेट आणली.

"यातलं पैलं ऐका," ते म्हणाले. "ते मुदखेडलाच जुळलं. एक नवरदेव रुसला हुता पारावर. लई आकडू. सासरा बिचारा टोपी घिऊन हुबा. केरबा मास्तर मला म्हणला, ग्यानोबा, ह्या रुसलेल्याला उठीव. म्या आपलं जुळवत गेलो. मंग नवरदेवाचा पाय हलाया लागला. मान हलाया लागली. अन् उठून बसला की घोड्यावर."

मी कॅसेट आत घातली. बटण दाबलं.

तीन वळणं आणि शेवटी घसरगुंडी.

मी तोंडाला पदर लावून इतकी हसले की ग्यानोबांनी सुनेला पाणी आणायला लावलं. मग सांगितलं, तो आकडू नवरदेव माझाच, आणि अडतीस वर्षं रोज सकाळी तुमचं गाणं वाजवतोय. म्हाताऱ्यानं कॅसेट काढून माझ्यापुढं धरली. मग म्हणाला, "घिऊन जावा कॅसेट. पर त्यास्नी सांगा, तवाबी ताल चुकत हुता त्यांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बेसिनपाशी गेले. फेस लावला, शीळ सुरू झाली. दुसऱ्या वळणावर मी स्वयंपाकघरातून बटण दाबलं.

शीळ थांबली. क्लॅरनेट मात्र पुढं गेलं, सगळा बँड घेऊन.

सृष्टी चहा गाळता गाळता थबकली. "बाबा, हे तर तुमचं."

हे दारात आले. अर्धा गाल पांढरा. "कुणी दिलं?"

"ज्यांचा ताल तुम्ही चुकवताय, त्यांनी."

माझ्याकडे टोमणे तयार होते. रेणापूर ते लातूर, पूर्ण एसटीभर मी ते पाठ केले होते. पण हे तसेच उभे राहिले, गाणं संपेपर्यंत. हातातला ब्रश ओट्यावर ठेवायचंही सुचलं नाही, फेस फरशीवर टपकत होता.

"उठलो ते त्याच्यासाठीच," हे म्हणाले. "मामा पुढं टोपी घेऊन उभे होते, त्यांच्यादेखत कसं म्हणायचं आवडलं म्हणून. मग दरवर्षी वाटायचं, या दिवाळीला सांगू. तोंडातून निघायचं ते घोड्याचंच."

दादा दर दिवाळीला का हसत होते, कोण जाणे. पारावर हलणारा पाय त्यांनाही दिसलाच असेल की, समोरच तर उभे होते.

"फेस वाळतोय," मी म्हणाले. "आवरा. रेणापूरला जायचंय, ग्यानोबांना मशीन नाही घरी, आपलं नेऊन ऐकवू. दादांना जे सांगायचं राहिलं, ते त्यांना सांगा."

हे बेसिनपाशी गेले. थोड्या वेळानं शीळ आली, या वेळी जरा जपून. घसरगुंडी मात्र होती तशीच.