माडावरची तार

“मास्तर, तुमची तार पुन्ना पडली,” विठोबा गडग्यापलीकडून म्हणाला. “आन् आवडाबाईची शेळी गुतलीय तिच्यात.”

हिरामण ठाकूर चहाची बशी तशीच ठेवून वाडीत धावला. दोन माडांच्या मध्ये ताणून बांधलेली रेडिओची तांब्याची तार मधोमध तुटून आळ्यात लोळत होती. शेळी सोडवून झाली, शेजारच्या आवडाबाईचे चार शब्द ऐकून घेणंही झालं. पंधरा दिवसांतली ही तिसरी खेप. किहीमच्या वाऱ्याचं हिरामणशी काय वाकडं होतं कोण जाणे.

आता वाऱ्याला दोष द्यायचा तर द्यावा, पण खरं सांगायचं तर या रेडिओच्या नादात हिरामणने पहिल्यापासून एक गोष्ट सरळ केली नव्हती. आणि माणूस काही अडाणी नव्हे. अलिबागच्या तार ऑफिसात एकतीस वर्षं यंत्रावर बसलेला. पेणकडच्या मिठागरात जन्म घेऊन तारमास्तर झालेला त्याच्या गोतातला तो पहिलाच. त्याची कडकट्ट सुरू झाली की मुंबईचा तारवाला नाव न विचारता ओळखायचा, आज अलिबागला ठाकूर बसलाय म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. आधी अंगठा, मग मधलं बोट. डॉक्टर म्हणाले, तारवाल्यांना होतं असं, आज ना उद्या पंजा धरणारच. साहेबांनी त्याला यंत्रावरून उठवून खिडकीवर बसवलं, लोकांचे फॉर्म घ्यायला आणि त्यातले शब्द मोजायला. खिडकीवर बसल्या बसल्या हिरामणच्या मनात एक गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. एकतीस वर्षं आपण लोकांची मरणं, बारशी आणि बदल्या पोचवल्या. त्यात आपला म्हणून एक शब्द नव्हता. हात पुरता जायच्या आत एकदा आपल्या नावाने हाक मारावी आणि कुठून तरी कोणी तरी ओ द्यावी, एवढंच त्याला हवं होतं. सरकार परीक्षा घेऊन हौशी माणसाला घरात बिनतारी यंत्र चालवायचा परवाना देतं, हे त्याला ठाऊक होतं.

परीक्षेला तो जवळजवळ हसतच गेला. मिनिटाला पाच शब्द ऐकून लिहायचे होते, आणि हा गडी पंचवीस लिहिणारा. नापास झाला. ऑफिसातलं यंत्र कट्ट कट्ट वाजतं, आणि दोन कट्टांमध्ये किती वेळ गेला ते तारवाल्याचा कान मोजतो. रेडिओत तसलं काही नाही. तिथे पिपाणीसारखा सूर येतो, एक आखूड, एक लांब. हिरामणचा कान त्या सुरात कट्ट शोधत बसला आणि अर्धा कागद कोरा राहिला. शेजारच्या बाकावरची कॉलेजातली पोरं पास होऊन गेली.

मग सहा महिने तो किहीम ते अलिबाग सायकलवरून जाताना रस्त्यावरच्या पाट्या शिळेतून वाचत गेला. आखूड शीळ, लांब शीळ. मास्तरांना म्हातारपणी चळ लागला, असं चोंढीच्या नाक्यावर लोक बोलू लागले.

“घाला शीळ,” बायको राही म्हणाली. “तरनेपनी कंदी घातली न्हाय. आता तरी घाला.”

दुसऱ्या खेपेला पास झाला. परवाना आला आणि हिरामण रेवसहून लाँच धरून मुंबईला चोरबाजारात गेला. तिथे लढाईतून आलेले रेडिओ मांडून ठेवले होते. दुकानदार म्हातारा बोहरी होता, त्याने एक लहानसा सेट पुढे केला. म्हणाला, “मास्तर, नवा माणूस आहे तू. रेडियो छोटा चालेल. एरियल मात्र उंच पायजे.”

तारेचं मला शिकवतोय, असं हिरामण मनात म्हणाला. त्याने दोन हमालांनी उचलावा असला दांडगा रिसीव्हर घेतला. यंत्र मोठं तर पोच मोठी, असा त्याचा हिशेब. संदेश पाठवायचं यंत्र मात्र त्याने एका वॉल्व्हवर, बिस्किटाच्या डब्यात स्वतः जुळवलं. वीज गावात नव्हती, म्हणून मोटारीची बॅटरी आणली. आणि एरियल? तार म्हणजे तार, खांबाखांबावरून नेली की कुठेही जाते. त्याने गडग्याच्या कडेने छातीएवढे बांबू पुरले आणि तार अशी सुरेख ओढली की लाइनमनने बघत राहावं. महिनाभर त्या दांडग्या रिसीव्हरात नुसती खरखर आली. हिरामणच्या हाका वाडीतल्या मातीत मुरल्या. बोहरी बरोबर होता, हे त्याने राहीजवळ कबूल केलं आणि तार माडांवर चढवली. चढवली ती पुन्हा लाइनमनसारखी, टणक ताणून.

“मास्तर,” विठोबा आता तुटकी तार हातात घेऊन म्हणाला, “माड म्हंजे खांब न्हाय. ह्यो हिकडं डुलतो तवा त्यो तिकडं डुलतो. तुमी दोगांना ताणून बांदलाव, तार तुटंल न्हाय तर काय व्हईल?”

“मग काय करू? तारेशिवाय भागत नाही.”

“येक टोक बांदा. दुसऱ्या टोकाला दोरी लावा, ती शिडाच्या कप्पीवरनं खाली सोडा आन् तिला धोंडा लावा. माड लांब गेला की धोंडा वर, माड जवळ आला की धोंडा खाली. तार आपली हाय तशी.”

एवढी सोपी गोष्ट एकतीस वर्षं तारेत घालवून आपल्याला सुचली नाही, याची हिरामणला लाज वाटली. विठोबा कोळीवाड्यातून होडीची जुनी कप्पी घेऊन आला. राहीने मधून चिरलेला वरवंटा काढून दिला. “टाकायचाच व्हता,” म्हणाली. विठोबा पायात दोरीचा फास अडकवून सरसर वर गेला, कप्पी बांधून झाली तरी लवकर उतरेना. दारूबंदीआधी तो माडी काढायला दिवसातून तीनदा चढत असे. आता कोणी बोलावलं तर नारळ पाडायला.

“काय रे, झालं का?” हिरामणने खालून विचारलं.

“झालं कंदीच. वाईच बसलोय,” विठोबा वरून म्हणाला.

त्यानंतर तार तुटली नाही. रिसीव्हरात माणसं ऐकू येऊ लागली, मद्रासची, सिलोनची, कुठली कुठली. हिरामण रविवारी सकाळी आठला बसे आणि हाक घाली, कोणी ऐकतंय का, कोणी ऐकतंय का. पुढे परवान्यावर मिळालेलं अक्षरं-आकड्यांचं नाव. तीन रविवार कोणी ओ दिली नाही. अंगठ्याची कळ आता कोपरापर्यंत जात होती. दर रविवारी हाका कमी होत गेल्या, विसाच्या बारा, बाराच्या सात.

चौथ्या रविवारी राही पायरीवर विळी घेऊन नारळ खवत होती. हिरामणने दोन हाका घातल्या. तिसऱ्या हाकेच्या मध्येच उजवा पंजा मिटला तो उघडेना. त्याने डाव्या हाताने एकेक बोट सोडवून पाहिलं, ती पुन्हा मिटली. डॉक्टर म्हणाले होते ते हेच, एवढं त्याला कळलं. त्याला रडू आलं नाही, पण फार एकटं वाटलं.

मग त्याने यंत्राची कळ टेबलाच्या दुसऱ्या कडेला सरकवली आणि डाव्या हाताने हाक घातली. डाव्या हाताने जन्मात कधी तार पाठवली नव्हती. आखूड ते लांब होत होतं, लांब ते तुटत होतं. एक अक्षर तर तीनदा मारावं लागलं. संपवून तो ऐकत बसला.

आणि ओ आली. स्वच्छ, संथ सुरात. निलगिरीतल्या कुन्नूरहून, चहाच्या मळ्यावरचा कोणी माणूस होता. तुमचा सूर छान येतोय, म्हणाला. एरियल उंच असावं. तुमचं नाव काय?

एकतीस वर्षांत तारेवर हा प्रश्न त्याला कोणी केला नव्हता. जे ओळखत त्यांना विचारायची गरज नव्हती, आणि बाकीच्यांना ते नको होतं. हिरामणने डाव्या हाताने नाव पाठवलं, चुकलं, पुन्हा पाठवलं.

पलीकडच्याने वेग आणखी कमी केला. मुलाला पाढे सांगावेत तसा एकेक शब्द सुटा करून त्याने पाठवलं, हात नवा दिसतो. घाबरू नका. रोज अर्धा तास सराव करा, बसेल. स्वागत.

हिरामणचं बोट कळीवर थांबलं. मुंबईचा तारवाला, अलिबागचं ऑफिस, मिनिटाला पंचवीस शब्द, सगळं सांगता आलं असतं. आता शब्द मोजायला खिडकीवर कोणी बसलेलं नव्हतं.

त्याने पाठवलं, होय, नवा आहे. आभार.

राही विळी सोडून दारात आली होती. “काय म्हनतो?”

“एरियल चांगलं हाय म्हनतो.”

“आनखी?”

“हात नवा हाय म्हनतो. रोज बसा.”

राहीने त्याच्या मांडीवर मिटून पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. “मंग तुमी काय सांगितलंत?”

“व्हय म्हनलं.”

बाहेर वाऱ्याने वरवंटा वीतभर वर गेला आणि खाली आला. प्रत्येक बोलणं वहीत नोंदवावं, असा परवान्याचा नियम होता, म्हणून हिरामणने कोरी वही उघडली आणि डाव्या हातात पेन्सिल धरली. पहिलीच ओळ होती. तारीख, वेळ, गाव. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी मोठी आणि वाकडी येत होती, आणि वही सारखी सरकत होती. राहीने नारळाचे हात पदराला पुसले आणि वहीची कड दाबून धरली.