आतून लागणारी कडी

मी कडी बोलतेय. दाराची. हात लावलात तर गार लागेन, पण बिचकू नका.

निमगाव केतकीच्या बाजारात एका लोहारानं बैलगाडीच्या चाकावरची मोडकी लोखंडी पट्टी ठोकून मला घडवलं. म्हणून की काय, एका जागी राहूनही मला आपण हळूहळू कुठंतरी चाललोय असं वाटत राहतं.

मी राहते तो मुलूख तुमच्या नकाशात नाही. भवानीनगरहून इंदापूरकडे जाताना, उसावरून येणाऱ्या वाऱ्यानं दुपारी डुलकी लागली, तर बहुतेक तुम्ही तिथूनच जाता. त्याला मोकळा मुलूख म्हणतात. एका सकाळी तिथलं सरकार उठून गेलं. कुणी हाकललं नव्हतं. शिक्के, फायली, खुर्च्या जागच्या जागी राहिल्या, आणि मागं एकच कायदा उरला. कुणी कुणावर जबरदस्ती करायची नाही.

तेव्हा मी शाळेच्या दाराला होते, बाहेरून. पोरं आधी खूष झाली. मग ठरलं की ज्याला शिकायचं त्यानं मास्तरांशी करार करावा. बारामतीत करारांच्या मोठमोठ्या शाळा निघाल्या. आमच्या गावात पैसे मोजून करार करण्याजोगं कुणी नव्हतं. एक दिवस विजयसिंह मास्तरांनी फळा पुसला, मला लावलं, माझ्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि शेतीला लागले.

ती खोली इब्राहिमभाईंनी घेतली आणि तिथं तुरुंग काढला. पण माणसाला कोंडायचं म्हणजे जबरदस्ती आली. म्हणून त्यांनी मला बाहेरून काढून आतल्या बाजूला बसवलं. कैद्यानं आपल्या हातानं मला लावायचं, वाटलं तर काढून जायचं; दिवसा वाऱ्याला दार उघडं ठेवलं तरी चालायचं. मात्र ज्याचं नुकसान केलं त्यानं ‘पुरे’ म्हणायच्या आधी जो गेला, त्याला दुकानात माल मिळत नसे, गाडीत जागा मिळत नसे, कुणी रामरामही घालत नसे. त्यामुळे सहसा कुणी जात नसे.

आमच्याकडं पहिले आले ते विजयसिंह मास्तरच. ऊस तोडल्यावर रानात पाचट राहतं, ते मुरलेला शेतकरी वारा पडल्यावर पेटवतो. मास्तर नवखे. त्यांनी भर दुपारी पेटवलं. शेजारच्या द्वारकाबाईंचा गोठा जळाला, आणि आत बांधलेली गाय.

“मास्तर, भवानीनगरच्या तुरुंगात पंखा हाय म्हणं,” इब्राहिमभाई म्हणाले. “तितं जायचं आसंल तर जावा. मला राग न्हाय.”

“हितंच बरं,” मास्तर म्हणाले. “खोली वळखीची हाय.”

द्वारकाबाई रोज यायच्या, मास्तर आत आहेत का ते बघायला. घरी दुसरं कुणी नाही म्हणून आठ वर्षांची नात, मेघना, बरोबर असायची. आजी दाराकडं पाठ करून उंबऱ्यावर बसायची. नात मात्र आत बघायची.

“काय बघतीस गं?”

“आजी, त्यांनी भुईवर गाय काढली. मास्तर म्हणत्यात, खाली तिचं नाव लिवलंय.”

“आता काढून काय उपेग,” आजी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी जळक्या गोठ्यातला कोळशाचा खडा तिच्या पदराला बांधलेला होता. तो तिनं न बघता आत सरकवला.

दिवाळी गेली. थंडीत मेघना मास्तरांकडं शिकत भागाकारापर्यंत पोचली. कन्हेरीहून दूधवाला निरोप आणायचा, की मास्तरांची आई, भागुबाई, अंथरुणावरून उठत नाही, सारखी दाराकडं बघते. मास्तर ऐकायचे. उंबऱ्यावर द्वारकाबाईही ऐकायच्या. त्यांनी ‘पुरे’ म्हटलं असतं तर मास्तर तडक आईकडं गेले असते. पण त्या ते म्हणत नसत.

शिमग्याच्या आधी एका सकाळी त्या पोरीला इब्राहिमभाईंच्या घरी सोडून एकट्याच आल्या.

“मास्तर, माझा राग दिवाळीतच गेला हुता. म्हणलं, ह्यो माणूस गेला की पोरीचं शिकणं गेलं. तुमची आय तितं पडलीया, आन म्या हितं गप बसले.”

मास्तरांनी माझ्यावर हात ठेवला.

“चार म्हैनं, आक्का.”

“व्हय. चार म्हैनं.”

“मला आवाजावरनं तरी वळखंल का ती आता?”

द्वारकाबाई आत आल्या. “पुरे,” म्हणाल्या. “जावा. आता तुमची गुन्हेगार म्या. म्या आत बसते. तुमी म्हणाल तवा भाईर.”

“आक्का, ह्या वयात?” इब्राहिमभाई म्हणाले. “सतरंजी बी एकच हाय.”

“मग तीच दे.”

त्यांनी आपल्या हातानं मला लावलं. पाच दिवस कन्हेरीहून काहीच कळलं नाही.

सहाव्या दिवशी मास्तर आले.

“आई हाय,” म्हणाले. “वळखलं.” मग उंबऱ्यावर बसले. “मेघनाला रोज सकाळी दूधवाल्याबरोबर कन्हेरीला धाडा. आईच्या खाटंजवळ शिकवीन. आन तुमचं म्हणाल तर, आपलं नाव आपल्या हातानं लिहिलं की सुटला तुमी.”

“म्या? आवं, माझी लाकडं गेली मसणात.”

“मग बसा निवांत. घाई कुणाला हाय.”

“आन शिकवणार कोण?”

“तुमची नात. कडक हाय, आधीच सांगतो.”

आता दुपारी मेघना कन्हेरीहून येते आणि आजीसमोर बसते. “आजी, नीट बस. कोळसा असा न्हाय धरायचा.” बाहेर लिंबाची सावली सरकत जाते. मी दारावर ऊन खात लटकते. माझ्या कडांना गंज चढलाय, मधला भाग मात्र हातांनी घासून गुळगुळीत झालाय.

आणखी एक सांगायचं आहे. बारा दिवसांपूर्वी, नात इब्राहिमभाईंच्या घरी निजायला गेल्यावर, द्वारकाबाईंनी दाराच्या फळीवर, माझ्या अगदी खाली, कोळशानं आपलं नाव लिहिलं. बारीक, पण पुरतं. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पदरानं पुसून टाकलं. तेव्हापासून रोज लिहितात, रोज पुसतात, आणि पोरगी आली की कोळसा उलटा धरतात, म्हणजे ती पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसते.

मला लोखंडाला कोण विचारणार? पण तुम्ही कधी तिकडून गेलात आणि इब्राहिमभाईंनी चहा पुढं करत विचारलं, की आक्का कुठवर आल्या, तर म्हणा, अजून जमत नाही. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोला.