सुंदराचं भाडं

मोटार कलंडली तेव्हा आपण काय केलं, हे सुंदराला स्वतःला आठवत नव्हतं. बरोबरच्या बायकांनी सांगितलं ते असं: टोकावड्याच्या पुढं उतारावर मोटार रस्ता सोडून खाचरात आडवी झाली, माणसं एकमेकांवर कोसळली, आणि ही बाई उजवं कोपर जमिनीत रोवून, डाव्या हातानं लेकीला छातीशी घट्ट धरून तशीच राहिली. सात महिन्यांच्या ठमीला साधं खरचटलंसुद्धा नाही. सुंदराचं कोपर मात्र मोडलं.

ती माघातली गोष्ट. गावच्या वैदूनं हात बांधला, पण हाड वाकडं जुळलं. त्या पावसाळ्यात सुंदरा भाताच्या लावणीला गेली नाही. वेणी सासू घालायची. पण जिवाला लागायचं ते वेगळंच. ठमी आता चालायला लागली होती. दोन्ही हात वर करून "घे" म्हणायची, आणि सुंदराला एका हातानं तिला उचलता यायचं नाही. मग सुंदरा खाली बसायची नि पोर कडेवर चढायची. आया आधी बसतात, मगच घेतात, असं पोरीला वाटू लागलं. शेजारणींचेही पदर ओढून ती त्यांना खाली बसवायची. बायका हसायच्या. सुंदराही हसायची, आणि मग चुलीकडे तोंड करायची.

कल्याणच्या डॉक्टरानं सांगितलं होतं, हाड पुन्हा मोडून सरळ बसवता येईल. पण मुंबईच्या इस्पितळात दोन महिने राहावं लागेल. एवढा खर्च करायचा कुणी?

"ज्याच्या मोटारीनं मोडला त्यानं," सुंदरा म्हणाली.

"गप गो," तिचा नवरा अनंता म्हणाला. "शेटाशी का भांडायचाय?"

"भांडत नाय. मागायचाय."

कार्तिकातल्या बाजाराच्या दिवशी दोघं ठमीला घेऊन मुरबाडला आली. कल्याणचे कमळाकरपंत वकील बाजारच्या दिवशी एका दुकानाच्या ओटीवर बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वर्षाच्या आत आलीस, हे बरं केलंस," ते म्हणाले. "नंतर दावा चालला नसता. भाडं घेऊन बसवलेल्या उतारूला धडपणी पोचवायचं, ही मोटारवाल्याची जबाबदारी. त्याच्या हयगयीनं हाड मोडलं तर भरपाई मागायचा तुला हक्क आहे. त्यात भीक नाही. तिकीट आहे?"

"नाय."

"भाडं तरी दिलं होतंस?"

सुंदरानं तोंड उघडलं, तोच अनंतानं तिचा पाय दाबला. "नाय साहेब," तोच म्हणाला. "पैसा काय दिला नव्हता."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "मग लंगडं प्रकरण आहे, बाई. तरी चला, शेटला भेटू."

वाटेत सुंदरानं विचारलं, "पाय का दाबलास रे?"

"भाड्याच्या कोळशाचा बोलली असतीस! फॉरेस्टचा शिपाई धरून नेईल ना."

"आपल्या बांधावरचा वठलेला आंबा जाळून केला तो कोळसा. पाटलाला विचारून केला. शिपायाचा काय संबंध?"

अनंतानं ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

लढाईमुळं पेट्रोलची मारामार होती. जयरामशेटची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची; मागच्या अंगाला पिंपाएवढी भट्टी लावलेली. शेट स्टँडच्या पत्र्याखाली उभा होता. वकिलांना पाहून तो लगबगीनं पुढं आला.

"ब्रेक खराब होता, कबूल आहे," तो म्हणाला. "माझं माणूस तसं आठवडाभर सांगत होतं. दोघा तिकीटवाल्यांना मी घरी जाऊन भरपाई दिली. पण ही बाई उतारू होती कुठं? लेकुरवाळी म्हणून ड्रायव्हरनं दयेनं बसवली असेल. दया केली म्हणून का मी दंड भरायचा?"

सुंदराचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. भट्टीपाशी एक कोळशाची टोपली होती. काठ मळला होता, तरी त्याला गुंडाळलेली लाल चिंधी ओळखू येत होती.

"शेट, ती टोपली कोणाची हो?"

"असेल कुणा उतारूची. तुमच्याकडची लोकं भाड्यापायी कोळसा घालतात ना."

"त्यांना तिकीट देता?"

"कोळशाला कसलं तिकीट? चढताना भरली टोपली इथं ठेवायची, मोटारीतून उतरताना रिकामी करून द्यायची. भाडं पावल्याची तीच खूण. ती कुणी तरी विसरून गेलं."

"विसरला नाय," सुंदरा म्हणाली. "त्या दिवशी मला बाजेवर घालून नेलीन."

तिनं ठमीच्या डोक्यावरची कुंची सोडली आणि टोपलीच्या काठाशी धरली. तोच लाल रंग, तीच बारीक पिवळी रेघ. एकाच लुगड्याचा पदर: अर्धा टोपलीला, अर्धा लेकीच्या डोक्याला.

वकील वाकून दोन्ही चिंध्या पाहत राहिले. "शेट," ते हळूच म्हणाले, "हेच कोर्टात सांगाल ना? फार स्पष्ट सांगितलंत."

जयरामशेटनं इकडंतिकडं पाहिलं. स्टँडवरची दहाबारा माणसं ऐकत होती. त्यातल्या निम्म्यांनी सकाळीच कोळसा घातला होता. एक म्हातारा खाकरला, "टोपली हाय म्हणजे भाडा पावला. आमचा तरी असाच चालताय."

तेवढ्यात ठमी डुलत पुढं गेली आणि तिनं शेटचं धोतर धरून खाली ओढलं. बस, मग घे. शेट खरंच बाकावर बसला. पोर त्याच्या मांडीवर चढली. त्याला तिला खाली ठेवताही येईना.

"कोर्ट नको, पंत," तो म्हणाला. "इस्पितळाचं मी बघतो. दोन पावसाळ्यांची मजुरीही देतो."

"तोंडी नको," सुंदरा म्हणाली.

वकिलांनी तिथंच, बाकावर कागद ठेवून लिहिलं आणि शब्द न शब्द वाचून दाखवला. शेटनं सही केली, म्हाताऱ्यानं साक्षीचा अंगठा उठवला. सुंदरानं वाकड्या हातानंच शाईत अंगठा बुडवला. हात कागदापर्यंत पोचेना, तेव्हा अनंतानं कागद उचलून तिच्यापुढं धरला.

"चला, आता बसा मोटारीत," शेट उसन्या उत्साहानं म्हणाला. "ब्रेक नवा घातलाय. फुकट सोडतो गावापर्यंत."

"फुकट नको," सुंदरा म्हणाली. कमरेची पिशवी तिनं अनंताला सोडायला लावली. "आमचा भाडा घ्या. आणि तिकीट द्या."

शेटनं तिकीट फाडून दिलं. तिनं ते ठमीच्या कुंचीच्या दुमडीत खोचलं, खाली बसली, आणि लेकीला कडेवर चढू दिलं. टोपली अनंतानं काखेत मारली.