दोराला तेल नको

मी झोळी बोलतेय. हळूच बोलते, कारण मोठा आवाज झाला की आधी मीच दचकते. शिकाऱ्याला झाडावर टांगून धरायला जिचा जन्म झाला, तिला हे शोभत नाही, मला माहीत आहे. पण खाली कुणी नुसतं शिंकलं तरी माझे सगळे पट्टे थरथरतात. त्याला काय करू?

मला अमेरिकेतल्या एका कारखान्यात शिवलं. माझं वजन जेमतेम किलोभर. जाळीचं कापड, चार पट्टे, एक लांब दोर, चढायला चार आखूड शिड्या आणि पाय टेकायला एक पाट, एवढाच माझा संसार. त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे दोरावरची गाठ. हातानं ती वर-खाली सरकते, पण माणसाचा भार पडला की दोराला आवळून बसते. दोर वर खोडाला बांधायचा, मला कमरेखाली घ्यायचं, झाडाकडे तोंड करून गुडघे खोडाला टेकवायचे आणि खोडाआड लपून हरणाची वाट बघायची. आज हे झाड, उद्या ते. सगळा पसारा एका पिशवीत मावतो, त्यामुळे हरणांना पत्ता लागत नाही.

माझा पहिला मालक रविकुमार. गाव मादन हिप्परगा, नोकरी तिकडे. तिकडे परवाना काढून हरणं मारतात. ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं त्यानं मला घेतलं आणि धनुष्यबाण उसना आणला. पहिल्याच सकाळी झाडाखाली एक हरिणी येऊन उभी राहिली. तिनं वर बघितलं, यानं खाली बघितलं, आणि ज्याच्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नाही त्या रविकुमारनं तिला चक्क हात जोडले. पुढची दोन वर्षं मी कपाटात होते. सुट्टीला गावी येताना त्यानं मला बॅगेत भरलं.

"काका, हरणांवर एकदम भारी हाय बघा," तो काशप्पाला म्हणाला.

काशप्पानं मला दोन बोटांत धरून अंगापासून लांब केलं. "मारायचं न्हाई रवी. गुन्हा हाय. अन् आपल्या घराला शोभतंय व्हय?"

"मारू नका की. वर बसून हाकला नुसतं."

घरात तेव्हा तुरीवरून वाद पेटला होता. दोन वर्षं काळविटांचा कळप पहाटे येऊन शेंडे खाऊन जात होता. काशप्पाची बायको मल्लम्मा हिनं शेवटचं सांगितलं होतं, "यंदा तूर खळ्यावर आली न्हाई, तर पुढल्या साली करडई. काट्याला कुणी तोंड लावत न्हाई." काशप्पाला हे ऐकवत नव्हतं. आपल्या रानातल्या तुरीचं वरण पानात नसलं की त्याला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटायचं. तेव्हा त्या तुरीचं नशीब माझ्या गळ्यात पडलं. मी किती घाबरले असेन, विचार करा.

पण जमलं. रोज तांबडं फुटायच्या वेळी काशप्पा वर चढायचा. सोमवारी लिंब, मंगळवारी बाभूळ, बुधवारी बांधावरची चिंच. कळप आला की तो स्टीलचं ताट बडवायचा. हरणं उधळायची. त्यांच्याहून जास्त मी दचकायचे, पण गाठ धरून ठेवायची.

शेजारचा वीरण्णा खालून जाता जाता थांबला. "अण्णा, वर काय करायलास?"

"बसलोय."

"खाली जागा न्हाई व्हय? अन् झाडाकडं तोंड कामून? अक्कानं शिक्षा केली का?"

"हरणाला दिसू नये म्हणून."

"गावाला तर दिसायलास," म्हणत वीरण्णानं फोटो काढला.

दीड महिना शेंगा राहिल्या, भरल्या. मल्लम्मा मनातून खूश झाली. आणि तिथंच माझा घात झाला.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं, पालेभाज्या-डाळींची भजी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील घेऊन. ज्या वस्तूनं रान राखलं तिची पूजा नको का? मल्लम्मानं आदल्या दिवशी मला पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आणि बैलाच्या कातडी वादीला लावतात तसं माझ्या दोराला वाटीभर करडीचं तेल चोळलं. मऊ राहावा म्हणून. अगदी मायेनं, टोकापासून टोकापर्यंत. मी ओरडून सांगितलं असतं, पण तोंड कुठलं?

सकाळी काशप्पा चिंचेवर चढला. पलीकडे कडब्याच्या खोपीपाशी तीसेक पाहुणे पूजेला जमले होते. कळप आला. काशप्पानं ताट उचललं, भार माझ्यावर टाकला आणि गाठ सरकली.

पडलो नाही आम्ही. तेवढा मान तरी राहिला. अगदी सावकाश, तुपात बुडणाऱ्या पोळीसारखे खाली खाली आलो. काशप्पानं ताट छातीशी धरलं होतं. दोराच्या टोकाला रविकुमारनं मारलेली जाड गाठ होती, तिनं आम्हाला जमिनीपासून हातभर वर थांबवलं. मग दोराचा पीळ सुटला, आम्ही खोडाला वळसा घालून फिरलो, तर समोर मोठ्या शिंगांचा काळवीट.

दोघांची नाकं वीतभर अंतरावर. काळवीट माझ्यावरचा झेंडूचा हार हुंगायला लागला. मग खायला लागला.

"अण्णा," काशप्पा पुटपुटला, "तूर सोड. हार घे."

एवढ्यात मल्लम्मानं बघितलं. आंबिलीचा तांब्या घेऊन ती तशीच धावली, मागं तीस पाहुणे. "सगळी तूर खा," ती काळविटाला म्हणाली, "पर माझ्या माणसाला सोड." आणि तांब्या त्याच्या तोंडावर रिकामा केला. आंबील निथळत, गळ्यात अर्धा हार अडकवून तो उधळला, त्याच्यामागं सारा कळप.

काशप्पा तसाच लटकत होता. "हरलो गं," तो म्हणाला. "पुढल्या साली लाव करडई."

मल्लम्मानं दोराला हात लावला, बोटं एकमेकांवर घासली, हुंगली.

"अवो, तेल मी लावलं. तुमी कशाला हरता?"

तिनं दोर शिकेकाईनं तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात वाळवला. काशप्पा काही पुन्हा चढेना. तिसऱ्या पहाटे तिनं पदर खोचला, लुगड्यावरून मला बांधलं आणि लिंबावर गेली. खालून काशप्पा, "गाठ बघ, गाठ बघ." वरून ती, "तुमी ताट द्या."

तूर खळ्यावर आली. घरात रोज वरण शिजतंय. मी दाराआडच्या खुंटीला आहे, शेजारी तेच ताट. वारा आला की ते वाजतं आणि मी दचकते. पुढच्या हंगामाला मल्लम्माच वर बसणार, असं तिनं वीरण्णाला सांगितलंय, आणि फोटो काढायचा तर काढ म्हणून बजावलंय.

माझं एवढंच मागणं आहे, बायांनो. हळद लावा, कुंकू लावा, हार घाला. गाठीवर माणूस बसतो, तेवढं ध्यानात ठेवा आणि दोर कोरडा राहू द्या.